पाणी किती अंशांवर उकळते?

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आठवीच्या प्रायोगिक वह्या आम्ही तपासायला घेतल्या होत्या. प्रयोग अगदी साधा, पाण्याचा उत्कलनांक काढणे. (आपली मुले वर्गात हिंदीतला ‘क्वथनांक’ म्हणतात, गोष्ट एकच.) वहीमागून वही उघडत गेलो आणि प्रत्येकीत तोच आकडा, १०० अंश सेल्सियस. अक्षर सुवाच्य, आकृती पेन्सिलीने नीट काढलेली, खाली पट्टीने रेघ. एका मुलीच्या वहीत मात्र ९७.५ होते. आम्ही त्याभोवती लाल शाईने गोल केला आणि एक गुण कापला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी ऑफिसच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “सर, पण तेवढेच आले होते. तीनदा पाहिले.”

पालकहो, आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा कमी, म्हणून पाणी येथे शंभराला उकळतच नाही; ९८ अंशांच्या जरा वर उकळते. शाळेतला तापमापक अर्ध्या-एक अंशाने इकडेतिकडे दाखवतो हे धरले, तर त्या वर्गात खरा प्रयोग त्या मुलीने केला होता आणि बाकीच्यांनी पुस्तक उतरवले होते. विज्ञानाची पदवी घेऊन इतकी वर्षे हाच विषय शिकवत आलेल्या आम्ही खऱ्या आकड्याचा गुण कापला आणि उतरवलेल्या आकड्याला पैकीच्या पैकी दिले. तो गुण परत दिला, वर्गासमोर चूकही कबूल केली. पण गोष्ट मनात सलत राहिली.

त्याच सुमारास एका माजी विद्यार्थ्याने ‘द गोलेम’ नावाचे पुस्तक आणून दिले. हॅरी कॉलिन्स आणि ट्रेव्हर पिंच या दोघांनी ते १९९३ साली लिहिले. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले. इंग्रजी पुस्तक आजही शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचावे लागते, आणि हे संपवायला उन्हाळ्याची सुट्टी खर्ची पडली. पुस्तकाच्या शेवटाकडे आलो तर तेथे आमचाच प्रयोग! एका शाळेत मुले पाण्याचा उत्कलनांक मोजत आहेत. कुणाचा १०२ येतो, कुणाचा ९९ आणि वर काहीतरी, एकाचा तर ५४, आणि एक पठ्ठ्या भांडे कोरडे होईपर्यंत उकळून तापमापकच फोडतो. तास संपायला दहा मिनिटे उरली की शिक्षक सगळ्यांचे आकडे गोळा करतात आणि समजावू लागतात, तुझा फुगा पाण्यात पूर्ण बुडाला नव्हता, तुझे पाणी अजून नीट उकळले नव्हते, वगैरे. घंटा होते तेव्हा वर्गाची खात्री पटलेली असते की आपण सर्वांनी १०० अंशच सिद्ध केले.

लेखकांचे म्हणणे असे की सबंध तासातली सर्वांत मोलाची दहा मिनिटे हीच. मोठ्या प्रयोगशाळांतही नव्या प्रश्नावर प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, आणि मग कुणाचे उपकरण बरोबर होते, कुणाचा हात चुकला, यावर खल होऊन एक आकडा ठरतो. मुलांना ती खलबते दाखवली तर विज्ञान कसे चालते हे कळेल. आम्ही ती दहा मिनिटे वर्षानुवर्षे लाल शाईत बुडवली.

हे कॉलिन्स आहेत कोण? जन्म १९४३चा, ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ. आधी बाथ विद्यापीठात आणि पुढे कार्डिफ विद्यापीठात त्यांनी काम केले. समाजशास्त्रज्ञ म्हटला की तो खेड्यात जाणार, जातींचा नाहीतर गिरणी कामगारांचा अभ्यास करणार, अशी आपली कल्पना असते. हे गृहस्थ भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत जाऊन बसले. त्यांच्याआधी अमेरिकेत रॉबर्ट मर्टन यांच्यासारख्यांनी विज्ञानाच्या संस्थांचा अभ्यास केला होता, म्हणजे श्रेय कुणाला मिळते, वैज्ञानिक कोणते नियम पाळतात हे पाहिले होते. पण प्रत्यक्ष ज्ञानाला हात लावला नव्हता. १९७० नंतर एडिनबरोत बॅरी बार्न्स आणि डेव्हिड ब्लूर यांनी आणि बाथमध्ये कॉलिन्स यांनी तो लावला. एखादा सिद्धांत स्वीकारला गेला तर का आणि दुसरा नाकारला गेला तर का, हे दोन्ही एकाच काट्याने तोलून पाहायचे, असा त्यांचा आग्रह. या शाखेला वैज्ञानिक ज्ञानाचे समाजशास्त्र म्हणतात.

कॉलिन्स यांचे पहिले गाजलेले काम एका लेसरवर आहे. १९७० च्या आरंभी कॅनडातील एका संरक्षण प्रयोगशाळेने कार्बन डायऑक्साइड वायूचा एक नवा लेसर जाहीर केला. त्याला टी.ई.ए. लेसर म्हणतात, साध्या हवेच्या दाबावर चालतो, हे त्याचे वैशिष्ट्य. लगेच ब्रिटनमधल्या अनेक प्रयोगशाळा तसाच बनवायला बसल्या. छापलेले लेख सर्वांसमोर होते. कॉलिन्स एकेका प्रयोगशाळेत गेले आणि एकच गोष्ट विचारत राहिले, तुम्हाला हे जमले कसे? १९७४ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. नुसता लेख वाचून एकालाही लेसर चालवता आला नव्हता. ज्यांना जमला ते सगळे, आधी बनवलेल्या कुणाच्या तरी संगतीत आले होते. भेट, मुक्काम, टेलिफोन, काही ना काही. आणि ज्याने स्वतः कधी लेसर चालवला नव्हता अशा मध्यस्थाकडून माहिती घेतलेल्यांच्या हाती काहीच लागले नाही.

आपण म्हणू, लेख लिहिणाऱ्यांनी मुद्दाम काही दडवले असेल. थोडेफार दडवलेही होते. पण खरे कारण वेगळे निघाले. ज्यांना येत होते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हते की आपल्याला नेमके काय येते. उदाहरणार्थ, धारित्रापासून विद्युतअग्रापर्यंतची तार आखूड असावी लागे. तार लांब झाली की लेसर मुका. चालणाऱ्या लेसरमध्ये ती आखूड होतीच, पण ती तशी असण्यावर सगळे अवलंबून आहे हे बनवणाऱ्याच्या ध्यानात नव्हते. मग तो लेखात लिहिणार कोठून? अशा न लिहिता येणाऱ्या जाणकारीला मायकेल पोलानी या रसायनशास्त्रज्ञ-तत्त्वचिंतकाने पूर्वीच नाव देऊन ठेवले होते. मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. पोळी लाटणाऱ्या आजीला विचारा, कणीक किती मऊ? ती म्हणेल, “कानाच्या पाळीइतकी.” त्यावरून कुणाला पोळी आली आहे काय? आजीच्या शेजारी पाट मांडून बसावे लागते.

दुसरे उदाहरण मुलांना फार आवडेल. मॉस्कोतील वैज्ञानिकांनी नीलमण्याच्या स्फटिकाचा एक गुणधर्म मोजला होता. एकदा टोला दिला की तो किती वेळ कंप पावत राहतो, असे ढोबळमानाने म्हणू. त्यांचा आकडा इतका मोठा होता की पाश्चात्त्य प्रयोगशाळांना सुमारे वीस वर्षे तो काढता आला नाही, आणि अनेकांनी त्यावर विश्वासच ठेवला नाही. शेवटी स्कॉटलंडमधील ग्लासगोचे लोक मॉस्कोला गेले, मॉस्कोचा माणूस ग्लासगोला आला, एकाच टेबलाशी दिवसेंदिवस उभे राहून काम झाले, आणि १९९९ मध्ये ग्लासगोलाही आकडा मिळाला. कॉलिन्स तेव्हा तेथे पाहत उभे होते. स्फटिक बारीक धाग्याने टांगायचा असतो, आणि त्या धाग्याला अगदी किंचित वंगण लागते. जास्त झाले तरी बिघडते, कमी झाले तरी बिघडते. रशियन वैज्ञानिक ते कसे लावत होता? धागा स्वतःच्या नाकावरून किंवा कानामागून हलकेच फिरवून! कातडीवरचे तेल तेवढेच पुरते. आता हे कोणत्या शोधनिबंधात छापणार?

हे सगळे येथे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आपल्या शाळेतच आहे.

आपले प्रयोगशाळा सहायक काका येत्या मार्चअखेर निवृत्त होत आहेत. विश्वस्त मंडळाच्या मागील बैठकीत असा विचार निघाला की ती जागा न भरता प्रयोग मोठ्या पडद्यावर चित्रफितीने दाखवावेत, म्हणजे खोलीही दुसऱ्या कामी येईल. मंडळाची अडचण आम्ही जाणतो. मराठी कुटुंबांतली मुले इंग्रजी नावाच्या मोठ्या शाळांकडे वळत आहेत, शुल्क वाढवता येत नाही, आणि काचसामान दर वर्षी फुटते. हिशेबाच्या वहीत प्रयोगशाळा हा निव्वळ खर्च दिसतो.

पण काकांना काय येते याची यादी कुणी केली आहे? तीन ताणकाट्यांपैकी कोणता अडकतो आणि त्याला कोठे टिचकी मारायची. सोनोमीटरच्या तारेवर कागदाची घोडी किती हलकी ठेवायची. मीटर-ब्रिजची जॉकी तारेवर टेकवायची, घासायची नाही. आठवीतला कोणता मुलगा स्पिरिटच्या दिव्याशी खेळणार हे पाठमोरे असतानाच ओळखायचे. जुलैमध्ये आम्ही काकांना म्हटले, हे सगळे लिहून द्या. त्यांनी हिंदीत चार पाने लिहिली, मनापासून लिहिली. ती वाचून नव्या शिक्षिकेने मीटर-ब्रिज मांडला. जॉकी तारेवर घासली गेलीच, वाचन हलत राहिले. मग काका उठले, त्यांचा हात आपल्या हातात धरून म्हणाले, “ऐसे, मॅडम,” आणि एका मिनिटात काम झाले. चार पानांत काकांनी काही दडवले नव्हते. कॅनडावाल्यांचे जे झाले तेच येथे झाले.

पडदा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. जे शाळेत करता येत नाही ते त्यावर जरूर दाखवावे. परंतु पडद्यावर पाणी नेहमी शंभरालाच उकळते. तेथे कुणाचा तापमापक फुटत नाही, कुणाचे उत्तर ९७.५ येत नाही, आणि म्हणून कुणाला “सर, पण तेवढेच आले होते” असे म्हणण्याची पाळीही येत नाही.

कॉलिन्स यांच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र लेसरात नाही, गुरुत्वीय तरंगांत गेला, आणि तो भाग आम्हा इंदूरकरांना जवळचा आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार हे तरंग असायला हवेत. पण ते इतके सूक्ष्म की पकडणे जवळजवळ अशक्य. १९६९ साली अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचे जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांनी ते पकडल्याचे जाहीर केले. इतरांनी तसे दंडगोल उभारले, त्यांना काही दिसले नाही. वेबर म्हणत, तुमचे यंत्र बरोबर नाही. कॉलिन्स यांनी १९७२ पासून या दोन्ही पक्षांच्या मुलाखती घेतल्या आणि एक पेच दाखवून दिला. यंत्र चांगले आहे हे कशावरून ठरवायचे? त्याने तरंग पकडले तर. पण पकडण्याजोगे तरंग आहेत की नाहीत हे कसे कळणार? चांगले यंत्र बनवून. म्हणजे आधी कोंबडी की आधी अंडे! १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वेबर यांच्या दाव्यावरचा बहुतेकांचा विश्वास उडाला. वेबर मात्र २००० साली वारले तोपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले.

कॉलिन्स यांनी तो विषय सोडला नाही. चाळीसहून अधिक वर्षे ते त्या वैज्ञानिकांच्या बैठकांना जात राहिले, त्यांच्यात जेवले, भांडणे ऐकली. अखेर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी तरंग टिपला. तेथील चार-चार किलोमीटर लांब भुजांत जो फरक पडला तो प्रोटॉनच्या व्यासाच्या अगदी लहानशा हिश्शाइतका होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये जगाला सांगेपर्यंतचे पाच महिने आत काय चालले होते, कोण कशावर शंका काढत होते, हे कॉलिन्स यांनी २०१७ च्या पुस्तकात दिवसागणिक लिहिले आहे. हजारावर माणसे, आणि प्रत्येक जण आपल्याच शोधात चूक हुडकतो आहे!

तशीच वेधशाळा आता महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभारायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. आणि त्या कामातल्या प्रमुख संस्थांपैकी एक आपल्याच गावची, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. औंढ्याला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जाणारी कितीतरी घरे आपल्या समाजात आहेत. त्या वेधशाळेत काम करणारे हात आज कोणत्या तरी शाळेत असतील. ते आपल्या शाळेतले का नसावेत?

येथे एक शंका काही पालकांनी बोलून दाखवली आहे. विज्ञान जर असे माणसांच्या संमतीने ठरत असेल, तर मग त्यात आणि मोबाइलवर फिरणाऱ्या लसीविषयीच्या निरोपांत फरक काय? शंका रास्त आहे, आणि कॉलिन्स यांच्यावरही ती घेतली गेली. १९९० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांच्यात या मुद्द्यावर चांगलेच युद्ध पेटले होते. वैज्ञानिक ज्ञान घडण्यात निसर्गाचा वाटा जेमतेमच, अशा अर्थाचे विधान कॉलिन्स यांनी आरंभीच्या काळात केले होते. पुढे, ती अभ्यासाची एक पद्धत आहे असा त्यांनी खुलासा केला. आम्हाला ते आरंभीचे विधान मान्य नाही. इंदुरात पाणी ९८ ला उकळते ते कुणाच्या ठरावाने नव्हे. ठराव तर आमच्या लाल शाईने उलटाच केला होता, पाण्याने तो मानला नाही.

परंतु पुढचे कॉलिन्स याच शंकेचे उत्तर शोधताना दिसतात. २००२ पासून त्यांनी रॉबर्ट इव्हान्स यांच्यासह जाणकारी या विषयावर लिहिले. जाणकार कुणाला म्हणायचे? ज्याने त्या कामात वर्षे घातली, जो त्या लोकांत वावरला, त्याला. दोन लेख वाचून आणि चार निरोप पुढे ढकलून जाणकारी येत नाही, कारण त्यातला न लिहिलेला भाग कागदावर येतच नाही. गोवर-गालगुंडाच्या लसीवरून ब्रिटनमध्ये काहूर उठले तेव्हा पालकांचे मत आणि संशोधकांचे मत एका तराजूत घालू नये, असे त्यांनी स्पष्ट मांडले. विज्ञान माणसे करतात म्हणून ते कुणीही करू शकतो, असे होत नाही. उलट ते फार कष्टाने हातात येते, म्हणूनच ज्याच्या हातात आले त्याचे ऐकावे.

त्यांनी स्वतःचीही परीक्षा घेतली. गुरुत्वीय तरंगांवरचे काही प्रश्न त्यांनी आणि एका भौतिकशास्त्रज्ञाने सोडवले, आणि नावे झाकून ती उत्तरे त्या विषयाच्या नऊ तज्ज्ञांना दाखवली. सात जणांना कोणता कोण हे सांगता आले नाही. दोघांनी कॉलिन्स यांनाच भौतिकशास्त्रज्ञ ठरवले! ही हकीकत २००६ सालची. त्यांना यंत्र चालवता येत नव्हते, गणितेही सोडवावी लागली नव्हती, पण इतक्या वर्षांच्या संगतीने त्या लोकांची बोली अंगात मुरली होती. इंदुरात तीन-चार पिढ्या राहून घरात मराठी टिकवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुस्तकाच्या नावाविषयी दोन शब्द. गोलेम हा ज्यू दंतकथेतला मातीचा माणूस. बलवान, सांगितलेले काम करणारा, पण धांदरट. सांभाळले नाही तर मालकालाच चेंगरेल असा. विज्ञान म्हणजे देवही नव्हे, राक्षसही नव्हे, हा असा गोलेम आहे, असे लेखक म्हणतात. आपल्याकडे शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकल्याची कथा लहानपणी सर्वांनी ऐकलेली आहे. तिकडच्या गोलेमची धांदरट बाजू मात्र आपल्या कथेत नाही, आणि विज्ञानाबद्दल बोलताना आपण ती सोडूनच देतो.

तर या सत्रापासून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत आणि एक मागणी करीत आहोत. प्रायोगिक वहीत जे वाचन आले तेच लिहायचे, पेनने, खोडरबर न वापरता. आकडा पुस्तकाशी जुळला नाही म्हणून गुण जाणार नाही. का जुळला नसेल यावर दोन ओळी लिहिल्या नाहीत तर जाईल. प्रत्येक प्रयोगाच्या तासाची शेवटची दहा मिनिटे सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडून वाद घालण्यासाठी राखली आहेत. दहावी-बारावीच्या पालकांना बोर्डाच्या परीक्षेची काळजी आहे. बाहेरून येणारे परीक्षक कोणता आकडा पसंत करतील याची हमी आम्ही देऊ शकत नाही, हे आधीच सांगतो. पण ज्या मुलाला आपला आकडा का आला हे सांगता येते, ते तोंडी परीक्षेत सहसा अडत नाही, इतका आमचा अनुभव आहे.

मागणी विश्वस्त मंडळाकडे आहे. काकांची जागा भरावी, आणि ती एप्रिलात न भरता दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच भरावी. काही महिने एका कामावर दोन पगार पडतील, याची आम्हाला कल्पना आहे. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च कमी करून त्यातला काही भाग निघेल, तसा तपशील आम्ही ऑफिसात ठेवला आहे. पालकांनी तो पाहावा, पटल्यास खाली सही करावी. मंडळाची बैठक सुट्टीआधी आहे. नवा माणूस नोव्हेंबरच्या मध्यास रुजू झाला तर काकांच्या शेजारी उभे राहायला त्याला साडेचार महिने मिळतात.